छंद म्हणून प्रोग्रॅमिंग शिकायचंय, कोणती भाषा धरू?

पानगळ:
नमस्कार मंडळी. प्रोग्रॅमिंग शिकायचं बरेच दिवस मनात आहे. नोकरीसाठी नाही, नोकरी वेगळ्याच क्षेत्रात आहे आणि ती बदलायची नाही. परीक्षा द्यायची नाही, प्रमाणपत्र नको. स्वतःपुरतं काहीतरी बनवता यावं एवढंच.

जालावर शोधलं तर प्रत्येक यादी 'कोणत्या भाषेला मागणी आहे' इथूनच सुरू होते. पगार किती, कंपन्या कोणत्या, पाच वर्षांनी काय टिकेल. मला यातलं काहीच लागू नाही. माझी अडचण वेगळी आहे. रोज वेळ मिळेलच असं नाही. कधी आठवडाभर सलग बसेन, मग महिनाभर हातही लागणार नाही. अशा माणसाने कोणती भाषा निवडावी आणि निवडताना नेमकं काय बघावं? एक्सेल बऱ्यापैकी येतं, बाकी पाटी कोरी.

खटपट्या:
पायथॉन. धागा बंद करायला हरकत नाही. :)

तिसरी घंटा:
रुमाल टाकून ठेवते. मलाही हेच विचारायचं होतं.

ब्राउझरवासी:
एवढ्यात बंद कुठे करताय, खटपटराव!

पानगळताई, तुमच्या संगणकावर आत्ता, काहीही इन्स्टॉल न करता, एक भाषा तयार आहे. ब्राउझर उघडा, एफ१२ दाबा, कन्सोल नावाच्या खिडकीत २ + २ टंका. झालं, तुम्ही जावास्क्रिप्ट चालवलीत. पुढची पायरी म्हणजे साध्या एडिटरमध्ये एक एचटीएमएल फाइल लिहायची, तिच्यावर दोनदा क्लिक करायचं, पान उघडतं. बटण हवं, एका ओळीत बटण येतं. रंग हवा, रंग येतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बनवलेलं दुसऱ्याला दाखवता येतं. ती फाइल कुठेतरी ठेवून लिंक पाठवली की समोरच्याच्या फोनवरही चालते. पायथॉनचा प्रोग्राम भावाला पाठवा, तो आधी विचारेल, 'हे उघडायचं कशात?'

खटपट्या:
दाखवण्याचा मुद्दा मान्य. पण ज्या भाषेत [१०, ९, १] ही यादी क्रमाने लाव म्हटलं की १, १०, ९ असं उत्तर येतं, ती नवख्याच्या हातात द्यायची? (सॉर्टला वेगळं काही सांगितलं नाही तर जावास्क्रिप्ट आकड्यांना शब्द समजून लावते.) रिकामी यादी अधिक रिकामी यादी केलं की रिकामी अक्षरमाळ. ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४.

ब्राउझरवासी:
शेवटचं उदाहरण मागे घ्या बरं. पायथॉनमध्ये करून बघा, तिथेही तेच उत्तर येतं. ०.१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका लिहिताच येत नाही, त्यामुळे बहुतेक सगळ्या भाषांत हेच होतं. सॉर्टचं म्हणणं खरं आहे, ते एकदा लक्षात ठेवावं लागतं.

खटपट्या:
०.१ चं मागे घेतो, बाकीची दोन तशीच राहू देत.

आता जरा नीट लिहितो. पायथॉन सुचवायचं कारण 'सगळे म्हणतात म्हणून' एवढंच नाही. ती इन्स्टॉल केली की सोबत बरंच सामान येतं. सीएसव्ही (साध्या मजकुरात साठवलेला तक्ता) फाइल वाचायची सोय आहे, म्हणजे पानगळताईंच्या एक्सेलच्या तक्त्यांवर पहिल्याच दिवशी काम करता येईल. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आत आहे. चित्र काढणारं कासव आहे. १९६७ च्या लोगो भाषेपासून चालत आलेली ती कल्पना आहे. कासवाला 'पुढे जा, वळ' सांगायचं, ते मागे रेघ सोडत जातं. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवणं) म्हणजे काय हे चौकोन काढताना जितकं पटकन कळतं तितकं व्याख्येने कळत नाही.

शिवाय चूक दाखवणारे संदेश. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून हे खूप सुधारलेत. कंस उघडा राहिला तर आता 'हा कंस बंदच झाला नाही' असं त्याच कंसावर बोट ठेवून सांगते. आधी भलत्याच ओळीकडे बोट दाखवायची. एकट्याने शिकणाऱ्याला विचारायला शेजारी कोणी नसतं, त्याला या गोष्टीचं मोल फार.

कंसप्रेमी:
कंसांचा विषय निघालाच आहे म्हणून... लिस्प! १९५८ मध्ये जॉन मॅकार्थींनी सुरू केलेली. आज वापरात असलेल्या भाषांत हिच्याहून जुनी फोरट्रानच.

बिटबिट:
)))))) हे घ्या, तुमचे उरलेले कंस.

कंसप्रेमी:
धन्यवाद, लागतीलच.

पण गंमत सोडून सांगतो, धाग्यातल्या प्रश्नाला ही भाषा थेट लागू पडते. ताई म्हणतात, महिनाभर हात लागणार नाही. महिन्याभराने काय विसरतं? व्याकरण. कुठे अर्धविराम, कुठे महिरपी कंस, लूपचे चार प्रकार, त्यातला कोणता कधी. स्कीममध्ये (लिस्पचीच एक साधी बोली) विसरायला काही उरतच नाही. कंस उघडा, आधी काय करायचं ते लिहा, मग कशावर करायचं ते लिहा, कंस बंद. बेरीजही अशीच, फंक्शनही असंच, अटही अशीच. सुरुवातीला स्कीममधूनच निघालेली रॅकेट घ्यावी. तिच्यासोबत डॉक्टररॅकेट नावाचा एडिटर येतो, तो कंसांच्या जोड्या स्वतः दाखवतो. वर लिहायचं, खाली चालवून बघायचं, दुसरं काही जुळवावं लागत नाही.

जुनी वही:
या सगळ्यात पास्कलचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लिहायला बसलो. निकलाउस विर्थ यांनी १९७० मध्ये ही भाषा मांडली ती शिकवण्यासाठीच. १९८३ मध्ये टर्बो पास्कल आलं आणि आमच्या पिढीने त्याच्या निळ्या पडद्यावर अक्षरशः रात्री काढल्या. आज त्याच वळणाचं लाझारस मोफत मिळतं. रिकाम्या खिडकीवर बटण ओढून ठेवा, त्याच्यावर दोनदा क्लिक करा, कर्सर थेट त्या बटणाच्या कोडमध्ये जाऊन उभा राहतो. डेस्कटॉपवर चालणारं, खिडकी-बटणं असलेलं घरगुती कामाचं काही करायचं असेल तर इतक्या कमी खटपटीत ते दुसरीकडे होताना मी पाहिलेलं नाही. शेवटी एक फाइल तयार होते, ती त्याच जातीच्या दुसऱ्या संगणकावर तशीच चालते.

तिसरी घंटा:
वहीकाका, निळ्या पडद्याबद्दल वेगळा धागा काढा ना प्लीज.

बिटबिट:
मी सी म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक आहेच. १९७२ च्या सुमाराची भाषा, डेनिस रिची. छंदच आहे ना, घाई कशाची? मग पाया पक्का करा. मेमरी म्हणजे काय, पॉइंटर म्हणजे काय, अक्षर म्हणजे यंत्राच्या दृष्टीने कोणते आकडे, हे सीमध्ये डोळ्यांनी दिसतं. पुढे आर्डुइनोच्या बोर्डावर दिवे लावायचे असतील तर तिथली भाषा सी++ च आहे, तेव्हा शिकलेलं उपयोगी पडेल.

तांबेरा:
'पाया पक्का' या शब्दांनी किती नवखे पळाले असतील! सीमध्ये दहा घरांच्या यादीत अकराव्या घरात लिहा. कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) बहुधा गप्प बसतो, प्रोग्राम कधी चालतो, कधी पडतो, कधी भलतंच उत्तर देतो. एकट्याने शिकणाऱ्याने हे कुठे शोधत बसायचं? मेमरी समजून घ्यायचीच आहे तर रस्ट घ्या. १.० आवृत्ती २०१५ च्या मे महिन्यात आली. तिचा कंपायलर चुकीच्या शब्दाखाली खुणा करून सांगतो, इथे हे चुकलं, असं का चुकलं, आणि बहुतेक वेळा 'असं करून बघ' हेही.

बिटबिट:
आणि ज्याला लूप अजून माहीत नाही त्याला रस्टचे मेमरीचे नियम, म्हणजे मालकी, उसनवारी, आयुर्मर्यादा, पहिल्या आठवड्यात समजावून सांगतो.

मोजपट्टी:
वाद चांगला चाललाय, पण धागाकर्तीचा प्रश्न बाजूला पडतोय. 'खंड पडणार आहे, मग काय बघावं' असं त्यांनी विचारलंय. मला वाटतं छंदाने शिकणाऱ्यासाठी हाच खरा निकष आहे आणि कोणत्याच यादीत तो नसतो.

खंडानंतर परत बसता तेव्हा पहिली अडचण भाषेची नसते, सामानाची असते. ज्यावर प्रोग्राम उभा केला ती बाहेरची लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) मधल्या काळात बदललेली असते. नवी आवृत्ती घेतली की जुनं फंक्शन गायब. मिळालेला तासभर दुरुस्तीतच जातो, आणि असं दोनतीनदा झालं की माणूस लॅपटॉप उघडायचाच बंद होतो. व्यावसायिक माणूस रोज थोडं थोडं बदलत जातो, त्याला हे जाणवत नाही. आपल्याला सगळं एकदम अंगावर येतं.

म्हणून भाषेपेक्षाही आधी बघा की तिच्यासोबत काय येतं आणि बाहेरून किती आणावं लागतं. पायथॉन या बाबतीत चांगली आहे, पण स्वतः पायथॉनचाही इतिहास आहे: २००८ मध्ये ३ आली, ती २ शी सुसंगत नव्हती, आणि २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला. मधली अकरा-बारा वर्षं दोन पायथॉन शेजारी शेजारी नांदत होत्या. आज नव्याने शिकणाऱ्याला हा त्रास नाही, फक्त जालावर जुनं उदाहरण सापडलं आणि त्यात प्रिंटपुढे कंस नसले तर ते २ चं आहे हे ओळखावं.

गो भाषेने २०१२ मध्ये १ ही आवृत्ती काढताना जाहीर वचन दिलं की आज लिहिलेला प्रोग्राम पुढच्या १.x आवृत्त्यांतही चालत राहील, आणि ते बऱ्यापैकी पाळलंय. आणि ब्राउझरवासींच्या बाजूने सांगायचं तर साधी जावास्क्रिप्ट याबाबतीत सगळ्यांत चिवट. नव्वदच्या दशकातली साधी पानं आजही उघडतात. तिथे 'नल'चा प्रकार विचारला तर 'ऑब्जेक्ट' असं उत्तर येतं. ही चूक आहे हे सर्वांना माहीत आहे, तरी दुरुस्त करत नाहीत, कारण केली तर कुठली तरी जुनी पानं मोडतील. फक्त तिच्यावर फ्रेमवर्कांचे (बाहेरून आणलेल्या तयार सांगाड्यांचे) मजले चढवू नका. एक फाइल, साधी जावास्क्रिप्ट, बास.

ब्राउझरवासी:
+१. 'मजले चढवू नका' हे ठळक अक्षरात वाचावं. नवखे शिकवणी बघायला जातात आणि पहिल्याच धड्यात शेकडो पॅकेजं उतरवून बसतात.

तांबेरा:
मोजपट्टी, प्रतिसाद आवडला, पण एक बाजू राहिली. खंडानंतर सामान शाबूत असलं तरी आपण शाबूत नसतो. 'हे फंक्शन यादी घेतं की शब्द घेतं?' आपलंच लिहिलेलं आपल्याला आठवत नाही. ज्या भाषेत प्रत्येक गोष्टीचा प्रकार लिहावा लागतो तिथे ते कोडमध्येच नोंदलेलं असतं, आणि एका ठिकाणी बदल केला की कंपायलर बाकीची ठिकाणं दाखवतो. मी विसरलेलं त्याला आठवत असतं. म्हणून कडक भाषा म्हणजे रोज बसणाऱ्यांसाठीच, हे मला पटत नाही. खंड पडणाऱ्यालाच तिचा आधार जास्त.

मोजपट्टी:
हे खरंच विचार करण्यासारखं आहे. पहिली भाषा म्हणून रस्ट जड वाटते हे माझं मत कायम, पण मुद्दा पटला. पायथॉनमध्येही प्रकार लिहून ठेवता येतात. चालवताना ती ते तपासत नाही, पण वाचणाऱ्याला कळतं.

चांदणं:
खेळ बनवायचे असतील तर लुआ बघा. १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या पीयूसी-रिओ विद्यापीठात तयार झालेली छोटीशी भाषा. याद्या ० ऐवजी १ पासून मोजते, त्यामुळे नवख्याला उलट सोपी जाते. पिको-८ हा लुआवर चालणारा कल्पनेतला खेळयंत्र-संच आहे. पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, रंग १६, आणि कोडला ८१९२ टोकनांची (कोडमधल्या सुट्या शब्द-खुणांची) मर्यादा. वाचताना बेडी वाटते, पण छंदात अर्धवट सोडलेल्या कामांचा ढीग होतो त्याला हाच उपाय आहे. मोठं काही करताच येत नाही, त्यामुळे हातातलं पूर्ण होतं. पिको-८ विकत घ्यावं लागतं, टिक-८० हे त्याच धर्तीचं मुक्तस्रोत आहे.

तिसरी घंटा:
एक प्रश्न, रागावू नका. आता एआयला सांगितलं की तोच कोड लिहून देतो. मग छंद म्हणूनसुद्धा शिकावं का?

जुनी वही:
१९९७ मध्ये डीप ब्लूने कास्पारोव्हना हरवलं. त्यानंतर माणसांनी बुद्धिबळ खेळणं थांबवलं नाही.

उंबरठा:
वहीकाकांशी सहमत. शिवाय एआयने दिलेलं बरोबर आहे का हे ठरवायला वाचता आलं पाहिजे. मी त्याला कोड मागत नाही, आधी स्वतः लिहितो आणि 'ही ओळ काय करते ते समजाव' एवढंच विचारतो. शिकायला असा शेजारी चांगला आहे.

आता मूळ मुद्दा. इतके प्रतिसाद झाले, पण पानगळताई, तुम्हाला बनवायचं काय आहे ते एकदा सांगा की. त्याशिवाय हे सगळं हवेतलं भांडण आहे.

पानगळ:
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, खूप खूप आभार. सांगायला संकोचत होते, कारण काम अगदी छोटं आहे. मला शब्दकोडी रचायचा नाद आहे. शब्दांची मोठी यादी मी वर्षानुवर्षं एका फाइलीत जमवली आहे. कोडं रचताना अडतं ते इथे: 'चार अक्षरी शब्द हवा, दुसरं अक्षर र, शेवटचं ळ.' यादी डोळ्यांनी चाळावी लागते. संगणकाने असे शब्द काढून दिले तर माझं काम होईल. एक्सेलमध्ये प्रयत्न केला, पण अक्षरांची संख्या भलतीच येते.

खटपट्या:
छोटं? ताई, हे तर फारच सुंदर काम आहे!

बिटबिट:
आणि मीच सांगतो, यासाठी सी नको. यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'नमस्ते'ची लांबी सीच्या साध्या फंक्शनला विचारली तर १८ येईल. शिकण्यासारखं आहे, पण शब्दकोडं बाजूला राहील.

मोजपट्टी:
१८ सोडा, पायथॉन आणि जावास्क्रिप्ट दोन्हींत ६ येईल. न, म, स, हलन्त, त, आणि एकाराची मात्रा: युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) लेखी ही सहा चिन्हं. कोड्यात मात्र घरं तीन: न, म, स्ते. तुमच्या एक्सेलमध्ये हेच होतंय. गंमत बघायची तर 'किती' हा शब्द पायथॉनमध्ये उलटा करा. 'तीकि' येत नाही, 'ीतिक' येतं. मात्रा सुटी होऊन पुढे उभी राहते आणि दुसरी शेजाऱ्याला चिकटते.

काही भाषा याबाबतीत जाणत्या आहेत. स्विफ्ट आणि एलिक्सिर चिन्हं न मोजता दिसणारे अक्षरगट मोजतात. जावास्क्रिप्टमध्ये इंटल.सेगमेंटर आहे. पण जोडाक्षरांपाशी सावध राहा: देवनागरीतलं जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या गटपद्धतीत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारं काहीही असेल तर 'स्' वेगळा आणि 'ते' वेगळा, म्हणजे तीनऐवजी चार.

खटपट्या:
म्हणून हे स्वतः लिहिलेलंच बरं, आणि ते दहा-पंधरा ओळींचं काम आहे. पायथॉनसोबत युनिकोडडेटा नावाचं मॉड्यूल येतं, बाहेरून काही आणायचं नाही. शब्दातलं एकेक चिन्ह घ्या. त्याचा वर्ग विचारा. वर्गाचं नाव एमने सुरू झालं (मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्त सगळे यात येतात) तर ते आधीच्या घरात जोडा. आधीचं घर हलन्ताने संपत असेल तरी जोडा. नाहीतर नवं घर उघडा. एवढ्याने 'नमस्ते'ची तीन घरं होतात.

एकच सूचना. शब्द वेगळे करायला रेगेक्समधलं (नमुन्याने मजकूर शोधायची सोय) 'शब्दातलं चिन्ह' (डब्ल्यूचं) वापरू नका. पायथॉनचं सोबत येणारं रेगेक्स मात्रेला शब्दाचा भाग मानत नाही, 'किती'चे 'क' आणि 'त' असे दोन तुकडे हातात देतं. यादीत एका ओळीवर एक शब्द असेल तर ओळ वाचा आणि कडेच्या मोकळ्या जागा काढा, पुरे.

तिसरी घंटा:
थांबा, मग पायथॉनला मराठी कळतं का? म्हणजे व्हेरिएबलचं नाव मराठीत चालेल?

खटपट्या:
चालतं. 'घर' नावाचं व्हेरिएबल देवनागरीत बिनधास्त लिहा. इफ, फॉर हे शब्द तेवढे इंग्रजीच राहतात. आणखी एक: इंट या फंक्शनला "१२" असे देवनागरी आकडे दिले तर ते १२ हा आकडा म्हणून घेतं. जावास्क्रिप्टच्या नंबरला तेच दिलं तर 'हा आकडाच नाही' असं उत्तर मिळतं.

ब्राउझरवासी:
हे मला माहीत नव्हतं. आत्ता करून बघितलं, खरंच. या कामापुरती पायथॉन घ्या, मी भांडत नाही. कोडं लोकांना सोडवायला द्यायची वेळ आली की मात्र माझ्याकडे या, चौकटी आणि टंकायची सोय ब्राउझरातच छान होते.

उंबरठा:
धाग्यात प्रथमच युद्धविराम!

पानगळ:
मंडळी, पायथॉन घेतली. कारण ठरवून लिहिते, म्हणजे पुढे कोणी हा धागा वाचला तर उपयोग होईल. माझं काम शब्दांच्या यादीवरचं आहे, त्याला लागणारं सगळं भाषेसोबतच येतं, आणि महिन्याभराने उघडलं तरी बाहेरचं काही बदललेलं नसेल. तांबेरा यांचं ऐकून प्रत्येक फंक्शनपुढे 'हे शब्द घेतं, घरांची यादी देतं' असं लिहून ठेवतेय. मध्ये एकदा खंड पडला, परत बसल्यावर त्याच ओळींनी हात दिला.

घरं पाडणारा भाग चालतोय. नमुना मी असा देते: ठिपका म्हणजे कोणतंही अक्षर, बाकी अक्षरं आहेत तशी. '. र . ळ' टंकलं की शब्द समोर. पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीतून उठले होते!

आता शंका. 'दुसऱ्या' हा शब्द यादीत दोन ठिकाणी आहे. दिसायला एकसारखे. एकाची घरं तीन, दुसऱ्याची चार. का?

मोजपट्टी:
कारण ते दोन वेगळे शब्द आहेत, संगणकाच्या लेखी. एक ऱ (नुक्त्याचा र) + हलन्त + य असा टंकला आहे. दुसरा साधा र + हलन्त + न दिसणारं जोडचिन्ह + य असा. पडद्यावर दोन्ही सारखेच. खटपट्यांच्या कृतीत जोडचिन्ह हलन्तानंतर येतं म्हणून आधीच्या घरात जातं, पण मग ते घर हलन्ताने संपत नाही, त्यामुळे पुढचा य नवं घर उघडून बसतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) लावूनही हे दोन एक होत नाहीत. वाचतानाच 'र, हलन्त, जोडचिन्ह' दिसलं की त्याजागी 'ऱ, हलन्त' ठेवा आणि यादी एकदाच साफ करून ठेवा. तेव्हाच 'ॲ' ही बघून घ्या. तोही दोन प्रकारे टंकला जातो: एकच चिन्ह, किंवा अ वर वेगळी चंद्रमात्रा.

जुनी वही:
आणि अकारविल्हे लावायला गेलात तर ळ कडे लक्ष असू द्या. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी बसलाय. साधं सॉर्ट केलं की 'ळ' आपल्या वर्णमालेप्रमाणे ह नंतर न येता मध्येच येतो. आणि 'क्ष' चे शब्द क मध्ये जाऊन बसतात, कारण तो क, हलन्त, ष असाच साठवलेला असतो.

पानगळ:
वहीकाका, हे बरं सांगितलंत, तेच करायच्या बेतात होते. मग क्रम कसा लावू?

खटपट्या:
सॉर्टला 'की' म्हणून स्वतःचं फंक्शन देता येतं. तुम्ही घरं पाडलेलीच आहेत. वर्णमाला एका यादीत आपल्या क्रमाने लिहा, ह च्या पुढे ळ, क्ष, ज्ञ, आणि प्रत्येक घराचा व्यंजनभाग त्या यादीत कितवा आहे तो आकडा परत द्या. मात्रांसाठी तशीच दुसरी यादी.

कंसप्रेमी:
हेच रॅकेटमध्ये करून ठेवलंय, कोणाला हवं असेल तर सांगा. कंसांसहित मिळेल.

तांबेरा:
पानगळताई, एक विचारायचं होतं. कोड्यात छेदणारं घर दोन्ही शब्दांत तंतोतंत सारखं लागतं, की ऱ्हस्व-दीर्घ चालवून घेता?

पानगळ:
मी तंतोतंतच धरते. पण शोधताना ढिला शोध मिळाला तर हवा आहे. 'ति' टंकलं तर 'ती' चे शब्दही दिसावेत, मग मी ठरवेन जागा कशी बदलायची.

खटपट्या:
सोपं आहे. प्रत्येक शब्दाची एक दुसरी प्रत मनात धरा, तिच्यात सगळ्या ऱ्हस्व इकार-उकारांच्या जागी दीर्घ घाला. मात्रांसोबत सुटे इ आणि उ पण. नमुन्यालाही तेच करा. जुळवायचं या प्रतीवर, दाखवायचा मूळ शब्द. आणि तंतोतंत की ढिला हे फंक्शनला देतानाच विचारा, नेहमीचा पर्याय तंतोतंत ठेवा.

पानगळ:
करून बघते. उद्या वेळ आहे.